चार अँटेनांचं ट्रेनिंग: सिम्बॉल वाढवण्याआधी गळती मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार ट्रान्समिट आणि चार रिसीव्ह अँटेनांची ओएफडीएम सिस्टीम, म्हणजे डेटा एकाच वेळी अनेक शेजारच्या फ्रीक्वेन्सींवर (सबकॅरिअरवर) वाटून पाठवणारी. एफएफटी (वेळेतला सिग्नल सबकॅरिअरमध्ये वेगळा करणारं गणित) २५६ चा, सबकॅरिअरमधलं अंतर ३० किलोहर्ट्झ, वापरातले सबकॅरिअर २००, सायक्लिक प्रीफिक्स (सिम्बॉलच्या शेवटच्या भागाची त्याच्याच पुढे जोडलेली नक्कल) १८ सॅम्पलचा, कॅरिअर ५ गिगाहर्ट्झच्या आसपास. फ्रेमच्या सुरुवातीचे ४ सिम्बॉल ट्रेनिंगसाठी राखलेले: त्यांत रिसीव्हरला आधीच ठाऊक असलेला सिग्नल जातो आणि त्यावरून चॅनेलचा, म्हणजे वाटेत सिग्नलचं काय होतं याचा, अंदाज (एस्टिमेट) काढतात. आधी प्रत्येक अँटेनावरून रँडम +१ आणि −१ पाठवले, तर कित्येक सबकॅरिअरवर एस्टिमेट भलतंच यायचं. मग चार सिम्बॉलवर वॉल्श-हॅडमार्ड कोड (अधिक-उणे चिन्हांच्या, एकमेकींपासून वेगळ्या काढता येणाऱ्या ओळी) लावला. सिम्युलेशन सुधारलं, पण हार्डवेअरवर केबल जोडून, एकेक अँटेना वेगळी मोजून घेतलेल्या संदर्भाशी ताडून पाहिलं तर एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) १५-२० डीबीच्या पुढे कितीही वाढवला तरी चॅनेलची चूक उणे २० डीबीला अडकते. ट्रेनिंग ८ सिम्बॉलचं करावं का, आणि सगळ्यात चांगला सीक्वेन्स कोणता?

आधी थेट उत्तर. ८ सिम्बॉल करू नका, त्याने हा फ्लोअर, म्हणजे चूक जिथे अडकते ती पातळी, हलणार नाही. कोडच्या ओळी चुकीच्या निवडल्या तर तो वर चढेल. तुमच्या आकड्यांवर एकाच सिम्बॉलमध्ये आत्तापेक्षा चांगलं एस्टिमेट मिळू शकतं. आता कारणं.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली नॉइजची. ट्रेनिंगची ऊर्जा दुप्पट केली की ती ३ डीबीने उतरते, यात वाद नाही. दुसरी चूक म्हणजे एका अँटेनाचा सिग्नल दुसरीच्या खात्यात जमा होणं. तिला मी गळती म्हणतो. पॉवर वाढवली की गळतीही तेवढीच वाढते, म्हणून चॅनेलच्या तुलनेत ती जागची हलत नाही. तुमचा आलेख नेमकं हेच सांगतोय. चार सिम्बॉलच्या सरासरीमुळे नॉइजची चूक एसएनआरपेक्षा ६ डीबी खाली असायला हवी. म्हणजे दर अँटेनामागे एसएनआर १४ डीबी असताना नॉइजची चूक उणे २० होते, आणि तिथूनच तुमचा आलेख आडवा व्हायला लागतो. त्यापुढे जे उरतं ते नॉइज नव्हे.

रँडम ±१ का फसले ते आधी पाहू, कारण सीक्वेन्स निवडण्याचा पाया तिथेच आहे. एका सबकॅरिअरवर जे मिळतं ते चॅनेल मॅट्रिक्स गुणिले ट्रेनिंग मॅट्रिक्स, अधिक नॉइज. ट्रेनिंग मॅट्रिक्सच्या ओळी म्हणजे अँटेना आणि रकाने म्हणजे सिम्बॉल. लीस्ट स्क्वेअर्स (चुकांच्या वर्गांची बेरीज किमान करणारी रीत) लावला की सरासरी चूक ठरते ती ट्रेनिंग मॅट्रिक्स आणि त्याचाच कॉन्जुगेट ट्रान्सपोज यांच्या गुणाकाराच्या इन्व्हर्सच्या ट्रेसवरून (कर्णावरच्या आकड्यांच्या बेरजेवरून). एकूण ऊर्जा ठरलेली असेल, तर हा गुणाकार आयडेंटिटीच्या पटीत आला की ट्रेस सर्वांत लहान होतो. म्हणजे ओळी एकमेकींना ऑर्थोगोनल (जोडीजोडीने गुणून बेरीज केली की शून्य येणाऱ्या) हव्यात आणि सगळ्यांची ऊर्जा सारखी हवी. रँडम मॅट्रिक्स सरासरीने ऑर्थोगोनल असतं खरं, पण ४ × ४ इतक्या लहान आकारात सरासरीचा काही उपयोग नसतो. ±१ ची एकूण ६५,५३६ मॅट्रिक्स होतात आणि त्यांतली फक्त २२,२७२ इन्व्हर्ट होतात. म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश सबकॅरिअरवर तुमचं समीकरण सुटतच नव्हतं. स्यूडोइन्व्हर्स (इन्व्हर्स नसतानाही काहीतरी उत्तर देणारा पर्याय) वापरल्यामुळे प्रोग्राम बंद पडला नाही, आकडे मात्र निरर्थक आले.

ही अट पाळणारी मॅट्रिक्स पुष्कळ आहेत: हॅडमार्ड, डीएफटी, किंवा सरळ आयडेंटिटी, म्हणजे एका वेळी एकच अँटेना बोलणार. एकूण ऊर्जा सारखी धरली तर कागदावर तिघांची कामगिरी सारखीच. त्यामुळे 'सगळ्यात चांगला सीक्वेन्स' या प्रश्नाला कागदावर एकच एक उत्तर नाही. निवड ठरते ती हार्डवेअरच्या बंधनांवरून आणि ट्रेनिंग चालू असताना चॅनेलमध्ये काय बदलतं यावरून. आयडेंटिटीत प्रत्येक पॉवर अँप्लिफायर चारातला एकच सिम्बॉल पाठवतो. अँप्लिफायरची कमाल पॉवर ठरलेली असते, म्हणून ऊर्जा चौथाईवर येते आणि ६ डीबी सरळ गमावले जातात. अँटेना वाढल्या की हे नुकसानही वाढतं. दोषाचा शोध घेताना आयडेंटिटी फार उपयोगी, रोजच्या वापरात नाही.

आता मुख्य मुद्दा. ऑर्थोगोनॅलिटी ट्रान्समीटरपाशी असून भागत नाही, ती रिसीव्हरपर्यंत टिकायला हवी. चार सिम्बॉलवर पसरलेला कोड मनात धरून चालतो की त्या चारही सिम्बॉलमध्ये चॅनेल, फेजसकट, अगदी तसाच राहिला. केबलवर डॉप्लर (हालचालीमुळे फ्रीक्वेन्सी बदलणं) नाही, पण फ्रीक्वेन्सी ऑफसेट (दोन्ही टोकांच्या कॅरिअरमधला थोडा फरक) आहे. प्रीअँबलवरून तो काढून टाकल्यानंतरही थोडा उरतोच. समजा ४०० हर्ट्झ उरला. ५ गिगाहर्ट्झच्या मानाने हे फक्त ०.०८ पीपीएम (दशलक्षांश) आहे, कोणालाही क्षुल्लक वाटेल. तुमचा एक सिम्बॉल २५६ + १८ = २७४ सॅम्पलचा, ७.६८ मेगाहर्ट्झच्या सॅम्पलिंगला ३५.७ मायक्रोसेकंदांचा. तेवढ्यात फेज ५.१ अंश फिरतो.

नेहमीच्या क्रमाने हॅडमार्डच्या ओळी अशा: पहिली + + + +, दुसरी + − + −, तिसरी + + − −, चौथी + − − +. अँटेना १ आणि ३ मधली गळती शोधायची तर दोघींच्या कोडचा गुणाकार, म्हणजे + + − −, त्या फिरत्या फेजशी गुणून सरासरी घ्यायची. ५.१ अंशांना ती येते ०.०९, म्हणजे उणे २१ डीबी. २ आणि ४ या जोडीचा गुणाकारही + + − − असल्यामुळे तिथेही उणे २१. अँटेना १ आणि २, तसंच ३ आणि ४, यांच्यात + − + − येतो, त्याची गळती उणे २७. आणि १-४, २-३ या जोड्यांत + − − + येतो. त्यात सरळ रेषेत वाढणारा फेज जवळजवळ पूर्ण कटतो, गळती उणे ४८ च्या आसपास. प्रत्येक अँटेनावर बाकी तिघींची गळती मिळून उणे २० डीबी. तुमचा फ्लोअर.

४०० हर्ट्झ हा माझा अंदाज आहे, पण तो पडताळायला नवं काही बांधावं लागत नाही. तुमच्याकडे एकेका अँटेनाचा संदर्भ आहेच. चूक एका आकड्यात न मोजता ४ × ४ च्या तक्त्यात मांडा: कोणत्या अँटेनाच्या एस्टिमेटमध्ये कोणत्या अँटेनाचा चॅनेल किती मिसळलाय. १-३ आणि २-४ या जोड्या ठळक, १-२ आणि ३-४ त्यांच्या ६ डीबी खाली, १-४ आणि २-३ जवळपास रिकाम्या, असं चित्र आलं तर फेज सरळ रेषेत सरकतोय, शंकाच नको. सगळ्या जोड्या सारख्याच दिसल्या तर फेज नॉइज किंवा अँप्लिफायरचं डिस्टॉर्शन तपासा. आणि एकच अँटेना चालू ठेवूनही फ्लोअर राहिला, तर तो गळतीचा नाहीच; मग टायमिंग, एडीसीची (सिग्नल आकड्यांत बदलणाऱ्या भागाची) पातळी आणि क्लिपिंग (शेंडे कापले जाणं) यांच्याकडे वळा.

एक मोजमाप मात्र करू नका, निदान त्यावर विसंबू नका: लागोपाठच्या दोन फ्रेमच्या एस्टिमेटमधला फरक घेऊन त्यालाच चूक म्हणणं. गळती दोन्ही फ्रेममध्ये सारखी असेल तर वजाबाकीत ती नाहीशी होते आणि उरतो फक्त नॉइज. आकडा सुंदर येतो, लिंक मात्र तशीच अडखळत राहते.

आता ८ सिम्बॉलचं पाहू. चारचाच कोड दोनदा पाठवला तर नॉइज ३ डीबीने उतरेल, पण १-३ ची गळती उणे २१ वरच राहील, कारण आठ जागांवर + + − − + + − − ची सरासरी जवळजवळ तितकीच येते. आठच्या हॅडमार्डमधून चार ओळी घेताना एखाद्या जोडीचा गुणाकार + + + + − − − − असा आला, तर त्याच ४०० हर्ट्झला ती जोडी उणे १५ डीबीवर जाते. कोड जितका लांब आणि त्याची चिन्हं जितक्या सावकाश बदलणारी, तितका तो सरकत्या फेजला बळी पडतो. म्हणून वेळेवर पसरलेला लांब कोड वापरायचाच असेल तर ओळींचे गुणाकार तपासून घ्या. ज्यांत चिन्हं भरभर बदलतात ते चांगले.

चार सिम्बॉल ठेवायचेच असतील तर उपाय सोपा आहे: कोड उलगडण्याआधी फेज सरळ करा. पहिलाच ट्रेनिंग सिम्बॉल पाचव्या जागी जसाच्या तसा पुन्हा पाठवा. दोघांतला फेजचा फरक म्हणजे चार सिम्बॉलचं फिरणं. त्याला चाराने भागा आणि मधल्या सिम्बॉलमधून काढून टाका. ही पद्धत साधारण अधिक-उणे ३.५ किलोहर्ट्झपर्यंत गोंधळत नाही. वायफायच्या ८०२.११एसी मध्ये जास्तीचा सिम्बॉलही लागत नाही. तिथे ट्रेनिंग सिम्बॉलमधल्या ठरावीक पायलट (ठाऊक किमती पाठवणाऱ्या) सबकॅरिअरवर अँटेनांचे वेगवेगळे कोड न लावता सगळ्या स्ट्रीमवर एकच कोड, मॅट्रिक्सची पहिली ओळ, लावतात. तिथे अँटेना वेगळ्या काढता येत नाहीत, पण सिम्बॉलगणिक फेज किती सरकला ते स्वच्छ दिसतं. मला ही फार विचारी रचना वाटते. थोडे सबकॅरिअर खर्चून बाकी सगळ्यांची ऑर्थोगोनॅलिटी वाचवली आहे.

पण मी तुमच्या जागी असतो तर चार सिम्बॉल ठेवलेच नसते. अज्ञातं किती ते मोजू. प्रत्येक सबकॅरिअर स्वतंत्र धरला तर दर रिसीव्ह अँटेनामागे ४ × २०० = ८०० अज्ञातं होतात आणि चार सिम्बॉल लागतातच. पण सबकॅरिअर स्वतंत्र नसतात. चॅनेल सायक्लिक प्रीफिक्सपेक्षा लांब नाही हे तुम्ही गृहीत धरलेलंच आहे, नाहीतर ओएफडीएमच चाललं नसतं. म्हणजे एका अँटेनाचा चॅनेल जास्तीत जास्त १८ टॅपचा (एकेका सॅम्पलच्या उशिराने येणाऱ्या प्रतींचा) आणि चारांचे मिळून ७२. एका सिम्बॉलमध्ये २०० पायलट आहेत. ७२ अज्ञातांना २०० समीकरणं, गरजेपेक्षा जास्तच.

फायदा किती तेही पाहा. चार सिम्बॉलच्या कोडने नॉइज ६ डीबी उतरतो. एका सिम्बॉलमध्ये १८ टॅपचं बंधन घातलं तर चूक १८/२०० पटीवर येते, म्हणजे १०.५ डीबी खाली. चौथा हिस्सा वेळ आणि वर ४.५ डीबीचा फायदा. शिवाय सिम्बॉलगणिक सरकणाऱ्या फेजचा प्रश्नच संपतो. एका सिम्बॉलच्या आत ४०० हर्ट्झचा परिणाम उरतो तो सबकॅरिअरमधल्या आपसातल्या हस्तक्षेपाचा, आणि तो साधारण उणे ३२ डीबी असतो.

एका सिम्बॉलमध्ये चार अँटेना वेगळ्या ठेवायच्या दोन रीती आहेत. एक कंगव्याची: प्रत्येक अँटेनाला दर चौथा सबकॅरिअर, आणि त्या सबकॅरिअरवर ६ डीबी जास्त पॉवर, म्हणजे अँटेनाची एकूण पॉवर तेवढीच राहते. दुसरी सायक्लिक शिफ्टची: सगळ्या अँटेना सगळ्या सबकॅरिअरवर एकच मूळ सीक्वेन्स पाठवतात, पण प्रत्येकीचा सिग्नल वेळेत ६४ सॅम्पलने पुढे फिरवलेला. रिसीव्हरमध्ये मूळ सीक्वेन्स काढून इन्व्हर्स एफएफटी घेतला की चार इम्पल्स रिस्पॉन्स (प्रत्येक अँटेनाच्या चॅनेलचे टॅप) ०, ६४, १२८ आणि १९२ या जागांवर रांगेत उभे दिसतात. कागदावर दोन्ही रीतींची चूक सारखीच. मी बहुधा शिफ्ट निवडतो, कारण काय बिघडलंय ते त्या एका आलेखात डोळ्यांना दिसतं.

मूळ सीक्वेन्स असा हवा की सगळ्या सबकॅरिअरवर त्याची पातळी सारखी असेल आणि वेळेतही तो टोकदार नसेल. सगळीकडे नुसते १ भरले तर वेळेत एक उंच शेंडा येतो, पीक सरासरीच्या तब्बल २३ डीबी वर, आणि अँप्लिफायर तो कापतो. ट्रेनिंगमधलं क्लिपिंग डेटातल्या क्लिपिंगपेक्षा वाईट, कारण ते दर वेळी त्याच आकाराचं येतं आणि चॅनेलचा भाग असल्यासारखं एस्टिमेटमध्ये शिरतं. झाडॉफ-चू हा या अटींत बसणारा सीक्वेन्स घ्या. २०० च्या आतली सर्वांत मोठी मूळसंख्या १९९. त्या लांबीचा सीक्वेन्स बनवा आणि पहिलीच किंमत शेवटी पुन्हा ठेवून २०० करा. एलटीईच्या अपलिंकमध्येही बँडविड्थ पुरेशी मोठी असेल तिथे हीच युक्ती असते. रूट, म्हणजे सीक्वेन्स ठरवणारा पूर्णांक, १ ते १९८ मधला कोणताही चालेल. पण उरलेला ऑफसेट सबकॅरिअरच्या अंतराच्या तुलनेत डोळ्यांत भरण्याइतका असेल, तर रूट जपून निवडा. झाडॉफ-चूमध्ये एका सबकॅरिअरचा फ्रीक्वेन्सी बदल हा वेळेतल्या शिफ्टसारखा दिसतो, आणि त्याची जागा रूटवरून ठरते. ती शेजारच्या अँटेनाच्या खिडकीत पडायला नको.

शिफ्टचा गुणक तुमच्या आकड्यांना फार सोयीचा निघतो. २५६ पैकी ६४ म्हणजे पाव फेरी. दुसऱ्या अँटेनासाठी प्रत्येक पुढच्या सबकॅरिअरला उणे ९० अंश, तिसरीसाठी १८०, चौथीसाठी उणे २७०. हार्डवेअरमध्ये गुणाकारही लागत नाही, नुसती चिन्हं बदलायची आणि रिअल-इमॅजिनरीची अदलाबदल करायची. इथे एक चूक वारंवार होते. हा फेज सबकॅरिअरच्या खऱ्या क्रमांकावरून काढायचा, उणे १०० ते अधिक १००. कोडमध्ये ० ते १९९ असा ॲरेचा क्रमांक वापरला तर मधला डीसी (क्रमांक ०) सबकॅरिअर गाळलेला असल्यामुळे वरच्या अर्ध्या बँडमध्ये दुसऱ्या अँटेनाचा फेज ९० अंशांनी चुकतो. रिसीव्हरनेही तीच चूक केली असेल तर ट्रेनिंगमध्ये ती कळत नाही, पण डेटा पाठवल्यावर अर्धा बँड बिघडलेला दिसतो.

रिसीव्हरकडे वळू. एफएफटीची खिडकी बहुतेक जण सायक्लिक प्रीफिक्सच्या आत चार-एक सॅम्पल आधी ठेवतात, ते योग्यच आहे. शिवाय खरे मार्ग सॅम्पलच्या नेमक्या जागी येत नाहीत, त्यामुळे टॅपच्या आधीही थोडी शेपूट दिसते. म्हणून १८ ऐवजी उणे ४ ते १९ अशी २४ टॅपची खिडकी धरा. फायदा १०.५ वरून ९.२ डीबीवर येतो, तरी आत्ताच्या ६ पेक्षा जास्तच.

इन्व्हर्स एफएफटी घेऊन खिडकीबाहेरचं शून्य करणं हा सोपा मार्ग आहे, पण तुमचे ५६ सबकॅरिअर रिकामे आहेत. त्यामुळे प्रत्येक टॅपला दोन्ही बाजूंना लांब शेपट्या फुटतात. शेजारच्या अँटेनाच्या खिडकीपर्यंत पोहोचेस्तोवर त्या उणे ३९ डीबीपर्यंत उतरलेल्या असतात, म्हणजे अँटेनांमधली गळती सुसह्य आहे. खरं नुकसान होतं बँडच्या कडांवर. शेपट्या कापल्यामुळे टोकाचे सबकॅरिअर आतल्यांच्या मानाने ठळकपणे बिघडतात, आणि हा बिघाडही एसएनआर वाढवून जात नाही. म्हणून मी २०० × ९६ चं डीएफटीचं मॅट्रिक्स मांडून सगळ्या अँटेनांचे टॅप एकत्र सोडवतो. साधा लीस्ट स्क्वेअर्स इथे नको. बँडचा पाचवा हिस्सा दिसतच नसल्यामुळे टॅपांची काही संयोजनं जवळजवळ अदृश्य असतात आणि त्यांच्या जागी नॉइज फुगतो. कर्णावर नॉइजच्या प्रमाणात एक छोटी बेरीज करा, म्हणजेच रेग्युलरायझेशन. सगळ्या टॅपांची पॉवर सारखी धरली तरी चालतं. हे मॅट्रिक्स चॅनेलवर अवलंबून नसतं; दोन-तीन एसएनआर पातळ्यांसाठी आधीच काढून ठेवा. दर रिसीव्ह अँटेनामागे ९६ × २०० = १९,२०० कॉम्प्लेक्स गुणाकार, आजच्या कोणत्याही प्रोसेसरला फारसे जड नाहीत.

फ्रीक्वेन्सीवर पसरलेल्या कोडचीही वेळेसारखीच गत असते, हे सांगायलाच हवं, कारण ५जी ची रचना पाहून पुष्कळ जण इथे फसतात. ५जी एनआरच्या पहिल्या प्रकारच्या डीएमआरएसमध्ये (डेटासोबत जाणाऱ्या पायलटमध्ये) दोन पोर्ट (अँटेनांसारखेच वेगळे काढायचे सिग्नल) एकाच कंगव्यावर बसतात. एकाचा कोड + +, दुसऱ्याचा + −, आणि शेजारचे पायलट दोन सबकॅरिअरच्या अंतरावर, म्हणजे ३० किलोहर्ट्झच्या रचनेत ६० किलोहर्ट्झवर. दोन शेजाऱ्यांची बेरीज-वजाबाकी करून पोर्ट वेगळे करताना त्या ६० किलोहर्ट्झमध्ये चॅनेल बदलला नाही असं धरलेलं असतं. एफएफटीची खिडकी फक्त चार सॅम्पल लवकर ठेवली, ०.५२ मायक्रोसेकंद, की तेवढ्यानेच गळती उणे २० डीबीवर येते. १ मायक्रोसेकंदाला उणे १४.५. आधी सामाईक उशीर काढून टाका आणि मग कोड उलगडा. किंवा + − हा कोड म्हणजे अर्ध्या खिडकीची सायक्लिक शिफ्टच आहे हे ओळखून वरच्याच रीतीने टॅपमध्ये सोडवा.

आतापर्यंतचं तात्पर्य एवढं: कोड पसरवायचा तो ज्या दिशेला चॅनेल जास्त स्थिर आहे त्या दिशेला, आणि तिथे जे काही ठाऊक असलेलं सरकणं आहे, फेज असो वा उशीर, ते उलगडण्याआधी काढायचं. तुमच्याकडे प्रीफिक्स २.३ मायक्रोसेकंदांचा आणि पाव सिम्बॉल ८.३ मायक्रोसेकंदांचा, म्हणून फ्रीक्वेन्सीत शिफ्टने वेगळं करायला ऐसपैस जागा आहे. चॅनेल लांब आणि अँटेना जास्त असतील तर हा हिशोब उलटतो. अँटेना गुणिले टॅप पायलटच्या संख्येजवळ गेले की वेळेची दिशा वापरावीच लागते. तुमच्या २४ च्या खिडकीला ८ अँटेना, म्हणजे १९२ अज्ञातं, एका सिम्बॉलमध्ये बसवायचा हट्ट मी धरणार नाही. तिथे दोन सिम्बॉल, दोघांवर + + / + − कोड आणि प्रत्येकात चार शिफ्ट.

ट्रेनिंग एकूण किती असावं याचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. हसीबी आणि होशवाल्ड या संशोधकांचा २००३ चा निष्कर्ष अजून उपयोगी पडतो: ट्रेनिंग आणि डेटाची पॉवर वेगवेगळी ठेवता येत असेल, तर सपाट (सगळ्या फ्रीक्वेन्सींवर सारख्या) चॅनेलला ट्रेनिंगची इष्टतम लांबी ट्रान्समिट अँटेनांच्या संख्येइतकीच. पॉवर सारखीच ठेवायची सक्ती असेल तर कमी एसएनआरला ती वाढते. म्हणून ट्रेनिंग कमी पडतंय असं वाटलं की आधी त्याची पॉवर वाढवून पाहा, अँप्लिफायरला जागा असेल तर, सिम्बॉल नंतर. किती वेळाने पुन्हा पाठवायचं ते डॉप्लर ठरवतो. ५ गिगाहर्ट्झला सेकंदाला ३ मीटरचा वेग म्हणजे ५० हर्ट्झ, ३० मीटरचा म्हणजे ५०० हर्ट्झ. सिद्धांताने अंतर डॉप्लरच्या दुपटीच्या व्यस्ताइतकं चालतं, ५०० हर्ट्झला १ मिलिसेकंद. पण त्या टोकाला इंटरपोलेशन नीट होत नाही, म्हणून मी निम्मंच धरतो: ०.५ मिलिसेकंद, तुमचे १४ सिम्बॉल. सेकंदाला ३ मीटरच्या वेगाला ५ मिलिसेकंद.

चॅनेलचं कोरिलेशन (वेगवेगळ्या अँटेनांचे चॅनेल एकमेकांशी किती जुळतात ते) ठाऊक असेल तर ऑर्थोगोनल आणि समान पॉवर ही निवड सर्वोत्तम राहत नाही. बळकट दिशांना जास्त पॉवर, अगदी दुबळ्या दिशांना शून्य, असं वॉटरफिलिंगसारखं वाटप निघतं आणि ट्रेनिंग अँटेनांच्या संख्येपेक्षा लहानही करता येतं. हा फायदा कमी एसएनआरला आणि दाट कोरिलेशनला मोठा. जास्त एसएनआरला वाटप पुन्हा समान होत जातं. चार अँटेनांसाठी मी त्या वाटेला जाणार नाही. शिळ्या कोरिलेशनवर बेतलेलं ट्रेनिंग नेमकी ती दिशा गाळू शकतं जी आता बळकट झाली आहे, आणि रिसीव्हरला ते कळायचा मार्गही राहत नाही. बेस स्टेशनवर ६४ अँटेना असलेल्या सिस्टीमची गोष्ट वेगळी. तिथे टीडीडी (दोन्ही दिशांना एकच फ्रीक्वेन्सी, आळीपाळीने) असेल तर पायलट मोबाइलकडून मागवतात, म्हणजे पायलटची संख्या मोबाइलच्या अँटेनांवरून ठरते. मग अडचण होते ती शेजारच्या सेलने तेच पायलट वापरण्याची. संशोधक मार्झेटा यांनी २०१० मध्ये दाखवलं की अँटेना कितीही वाढवल्या तरी हे पायलटचं प्रदूषण आपोआप जात नाही. तीही गळतीच, फक्त भिंतीपलीकडची.

तुमच्यासाठी पुढचा क्रम असा. आधी आत्ताच्याच हॅडमार्डवर तो ४ × ४ चा तक्ता काढा. त्याला एक दुपार पुरे. चित्र मी सांगितल्यासारखं आलं तर पाचवा सिम्बॉल जोडून फेज सरळ करून पाहा. फ्लोअर दहा डीबीच्या आसपास खाली उतरला की निदान पक्कं. त्यानंतर एका सिम्बॉलच्या शिफ्टच्या रचनेवर जा. आधी एकच अँटेना जोडा आणि बाकी तीन ट्रान्समिट पोर्टवर ५० ओहमचे लोड लावा, पण त्यांचे सिग्नल चालू ठेवा. त्या तीन खिडक्यांत जे दिसेल ती तुमच्या रचनेची खरी गळती, आणि केबलमधला आरएफ क्रॉसटॉकही. नेहमीच्या चालू लिंकवर नजर ठेवायची असेल तर टॅप २४ ते ५५ या रिकाम्या पट्ट्यातली पॉवर दर फ्रेमला नोंदवा. एसएनआर वाढवला की ती चॅनेलच्या मानाने उतरायला हवी. उतरायची थांबली, की एसएनआरच्या ज्या पातळीला थांबली ती लिहून ठेवा. गळती नॉइजच्या वर कुठे येते ते त्यावरूनच कळेल, आणि दुसरा सिम्बॉल लावून काही मिळणार आहे का तेही.